लायब्ररीत लपलेल्या पोरानं मेंदूचं लॉजिक मांडलं, आणि शेवटी स्वतःचेच कागद जाळून टाकले

साल १९३५ च्या आसपासचं. अमेरिकेतलं डेट्रॉईट शहर.

गल्लीतली टवाळ पोरं एका १२ वर्षांच्या मुलाच्या मागं लागली होती. हा गडी अंगानं किरकोळ आणि स्वभावानं लाजाळू. मारामारी करणं त्याच्या बसची बात नव्हती. तो जीव मुठीत धरून पळाला आणि जवळच्या पब्लिक लायब्ररीत शिरला.

पोरं बाहेर थांबली. हा आत लपला तो लपलाच. लायब्ररी बंद झाली तरी बाहेर आला नाही.

त्या कपाटांमध्ये फिरताना त्याच्या हाताला एक पुस्तक लागलं, प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका. लेखक बर्ट्रांड रसेल आणि आल्फ्रेड नॉर्थ व्हाइटहेड. तीन खंड, जवळपास दोन हजार पानं. सगळं गणित निव्वळ तर्काच्या पायावर उभं करून दाखवायचं असा या पुस्तकाचा विडा होता. १ अधिक १ म्हणजे २ होतात, इथपर्यंत पोहोचायलाच या पुस्तकाला काहीशे पानं लागतात. भले भले प्राध्यापक ते पूर्ण वाचत नसत.

किस्सा असा सांगितला जातो की, या पोरानं तीन दिवस लायब्ररीत मुक्काम ठोकला आणि ते वाचून काढलं. नुसतं वाचलं नाही, तर पहिल्या खंडात कुठं कुठं गडबड आहे याचं पत्र थेट रसेल यांना इंग्लंडला धाडलं.

रसेल यांनी उत्तर पाठवलं आणि सोबत केंब्रिजला शिकायला येण्याचं आमंत्रणही दिलं.

अडचण एवढीच होती की पोरगं शाळेत जाण्याच्या वयाचं होतं.

त्याचं नाव वॉल्टर पिट्स.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या जुन्या पोराची गोष्ट आज कशाला? तर आज मोबाईलमधलं एआय तुमचा चेहरा ओळखतं, मराठी टाईप करतं, प्रश्नांची उत्तरं देतं, ते सगळं चालतं न्यूरल नेटवर्कवर. त्या न्यूरल नेटवर्कचं पहिलं गणित ज्या दोन माणसांनी मांडलं, त्यातला एक हा पिट्स. आणि सध्या एआयच्या जगात ज्याची चर्चा आहे ते न्यूरो-सिम्बॉलिक एआय, म्हणजे न्यूरल नेटवर्क आणि तर्कशास्त्र यांची जोडी लावायचा प्रयत्न. तो समजून घ्यायचा तर याच माणसापासून सुरुवात करावी लागते.

कारण ही दोन्ही भावंडं जन्मली एकाच घरात. वाटण्या नंतर झाल्या.

घर सोडलं आणि शिकागो गाठलं

पिट्सचा जन्म २३ एप्रिल १९२३ चा. बाप बॉयलर बनवणारा कामगार. घरात पुस्तकांचं कौतुक नव्हतं. शाळा सोड आणि कामाला लाग, हा घरचा धोशा.

१५ व्या वर्षी त्याला कळलं की रसेल शिकागो विद्यापीठात शिकवायला येतायत. गड्यानं घर सोडलं, शिकागो गाठलं, आणि पुन्हा घराकडे फिरकला नाही.

शिकागोत त्याचं नाव कुठल्याच वर्गाच्या हजेरीपटावर नव्हतं. तो नुसता जाऊन लेक्चरला बसायचा. तिथंच रुडॉल्फ कार्नाप नावाचे मोठे तर्कशास्त्रज्ञ शिकवत होते. एक दिवस पिट्स त्यांच्या ऑफिसात गेला. हातात कार्नाप यांचंच पुस्तक होतं आणि त्यावर त्यानं काढलेल्या शंका आणि चुका होत्या. त्यानं सगळं समजावून सांगितलं आणि नाव न सांगता निघून गेला.

कार्नाप पुढं कित्येक महिने हे पोरगं शोधत फिरले असं म्हणतात. सापडल्यावर त्यांनी विद्यापीठात त्याला पोटापुरतं किरकोळ काम मिळवून दिलं. कारण पोराकडे ना राहायला जागा होती, ना खिशात पैसे.

याच काळात त्याची दोस्ती झाली जेरोम लेटविन या मेडिकलच्या विद्यार्थ्याशी. ही दोस्ती शेवटपर्यंत टिकली. आणि लेटविनमुळेच त्याची गाठ पडली वॉरन मॅकलक यांच्याशी.

चाळिशीतला डॉक्टर आणि बेघर पोरगा

मॅकलक हे मेंदूचे डॉक्टर. तत्त्वज्ञान शिकलेले, कविता करणारे, दाढीवाले, मोठ्यानं बोलणारे. १९४१ मध्ये ते शिकागोत इलिनॉय विद्यापीठात आले. त्यांच्या डोक्यात एक प्रश्न कित्येक वर्षं घोळत होता. मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. प्रत्येक पेशी करते काय, तर एकतर सिग्नल देते, नाहीतर देत नाही. मग यातून विचार कसा तयार होतो?

सिग्नल आहे किंवा नाही. तर्कशास्त्रातही विधान खरं असतं किंवा खोटं. दोन्हीकडे दोनच पर्याय. हे दोन्ही एकच तर नसेल?

पण हे मांडायला लागणारं गणित मॅकलक यांच्याकडे नव्हतं. ते पिट्सकडे होतं.

१९४२ मध्ये मॅकलक यांनी पिट्स आणि लेटविन, दोघांनाही आपल्या घरी राहायला बोलावलं. पिट्सला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं वाटावं असं घर मिळालं. घरातली मंडळी झोपली की चाळिशी पार केलेला डॉक्टर आणि विशीही न गाठलेलं पोरगं रात्र रात्र बसून मेंदूचं गणित सोडवत.

वर्षभरानं, १९४३ मध्ये दोघांचा पेपर छापून आला. मेंदूतल्या पेशींच्या हालचालींना तर्काची भाषा देणारा पेपर. त्याच्या शेवटी संदर्भ म्हणून फक्त तीन पुस्तकं होती. एक कार्नाप यांचं, एक हिल्बर्ट आणि आकरमन यांचं, आणि तिसरं प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका. पोरं मागं लागली म्हणून हाती आलेलं तेच पुस्तक.

या पेपरात होतं काय?

सोप्पं करून सांगतो. गावाकडची वडाप जीप डोळ्यासमोर आणा.

जीप कधी निघते? ठरलेल्या सीट भरल्या की निघते. एक सीट कमी असली तरी ड्रायव्हर बिडी ओढत उभा. आणि समजा सीट भरल्या, पण नाक्यावर पोलीस उभा असला, तर? मग कितीही माणसं बसू देत, जीप हलत नाही.

मॅकलक आणि पिट्स यांचा न्यूरॉन अगदी असाच. त्याच्याकडे दुसऱ्या न्यूरॉनकडून सिग्नल येतात. ठरलेल्या आकड्याइतके सिग्नल आले की तो पुढं सिग्नल देतो. आणि अडवणारा एक जरी सिग्नल आला, तर गप्प बसतो.

आता गंमत बघा. दोन सिग्नल येतायत आणि ठरलेला आकडा २ आहे. म्हणजे हा आणि तो, दोन्ही आले तरच न्यूरॉन पेटणार. हे झालं तर्कातलं आणि. आकडा १ केला, तर दोघांपैकी कुणीही आलं तरी चालतंय. हे झालं किंवा. आणि पोलीस म्हणजे नाही.

आणि, किंवा, नाही. तर्काचा सगळा डोलारा या तीन शब्दांवर उभा राहतो. म्हणजे असे साधे न्यूरॉन एकमेकांना जोडत गेलं, तर तर्काचं कुठलंही वाक्य त्यात बसवता येतं.

पिट्सनं आणखी एक अवघड गाठ सोडवली. न्यूरॉन गोलात जोडले, म्हणजे शेवटच्याचा सिग्नल फिरून पहिल्याला मिळाला, तर काय होईल? सिग्नल फिरतच राहील. सुरुवात करून देणारी गोष्ट संपली तरी तिची खूण आत फिरत राहील. म्हणजे आठवण. स्मरणशक्तीलाही गणितात बसवायचा रस्ता सापडला.

थोडक्यात, जगातलं पहिलं न्यूरल नेटवर्क हेच मुळात तर्कशास्त्राचं यंत्र होतं. दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

बऱ्याच मेंदूतज्ज्ञांनी या पेपरकडे तेव्हा फारसं लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं जॉन फॉन नॉयमन यांनी. १९४५ मध्ये त्यांनी एडव्हॅक या कॉम्प्युटरचा आराखडा लिहिला. आजचे कॉम्प्युटर ज्या रचनेवर चालतात ती त्यात मांडली होती. त्या आराखड्यात त्यांनी मॅकलक आणि पिट्स यांच्या पेपरचा दाखला दिला आणि मशीनचे भाग समजावायला त्यांच्याच न्यूरॉनचा आधार घेतला.

मेंदू समजून घेण्यासाठी लिहिलेला पेपर कॉम्प्युटर घडवण्याच्या कामी आला.

वीनर भेटले आणि तुटलेही

१९४३ मध्येच लेटविननं पिट्सला एमआयटीत नॉर्बर्ट वीनर यांच्याकडे नेलं. वीनर म्हणजे सायबरनेटिक्सचे जनक, गणितातले दादा माणूस. पहिल्याच भेटीत त्यांनी फळ्यावर गणित मांडायला घेतलं आणि पोरगं मध्येच शंका आणि सूचना सांगू लागलं. दोन फळे भरेपर्यंत वीनर यांनी ओळखलं, हा आपला माणूस.

ज्या पोरानं शाळाही पूर्ण केली नव्हती, त्याला वीनर यांनी एमआयटीत पीएचडीच्या कामाला लावलं. शिकागो विद्यापीठानंही १९४३ च्या कामासाठी त्याला एक छोटी पदवी देऊन टाकली. आयुष्यात त्याला मिळालेली पदवी ती एवढीच.

पीएचडीचा विषयही जबरी होता. खऱ्या मेंदूत न्यूरॉन कागदावरच्या आकृतीसारखे नीट आखलेले नसतात. ते तिन्ही दिशांना पसरलेले, कसेही जोडलेले असतात. अशा गुंत्याचं गणित शक्यतेच्या भाषेत मांडायचं, हे पिट्सनं हाती घेतलं होतं.

पुढं मॅकलक आणि लेटविनही एमआयटीत आले. सगळे दोस्त एका ठिकाणी, वर वीनर यांच्यासारखा बापमाणूस. पिट्सच्या आयुष्यातले हेच ते सोन्याचे दिवस.

आणि १९५२ मध्ये हे सगळं एका फटक्यात मोडलं.

वीनर यांच्या पत्नी मार्गारेट यांना मॅकलक यांचं मोकळंढाकळं वागणं अजिबात पटत नव्हतं. त्यांनी नवऱ्याला सांगितलं की मॅकलक यांच्याकडे राहायला गेलेल्या आपल्या मुलीशी तिथल्या पोरांनी गैरवर्तन केलं. वीनर यांच्या चरित्रकारांनी नंतर शोध घेतला, तेव्हा या आरोपात तथ्य नसल्याचं समोर आलं. पण वीनर यांनी शहानिशा केली नाही. त्यांनी मॅकलक आणि त्यांच्या सगळ्या माणसांशी संबंध तोडले. कारणही सांगितलं नाही.

त्या सगळ्या माणसांत पिट्सही आला.

बापानं पोटच्या पोराला घराबाहेर काढावं आणि का काढलं तेही सांगू नये, तशी ही अवस्था. सख्खा बाप त्यानं १५ व्या वर्षीच मागं सोडला होता. मानलेल्या बापानं आता त्याला सोडलं.

पिट्स पिऊ लागला. लोकांना टाळू लागला. १९५४ मध्ये फॉर्च्युन मासिकानं चाळिशीच्या आतल्या हुशार शास्त्रज्ञांची यादी छापली. त्यात क्लॉड शॅनन आणि जेम्स वॉटसन यांच्या पंगतीला पिट्सचं नाव होतं. बाहेर नाव होत होतं आणि आत माणूस विझत होता.

एमआयटी त्याला पदवी द्यायला तयार होती. कागदावर सही करायची होती. त्यानं सही केली नाही.

आणि एक दिवस त्यानं पीएचडीचा प्रबंध, टिपणं, छापायचे राहिलेले कागद, सगळं गोळा केलं आणि जाळून टाकलं.

शेवटचा घाव बेडकानं घातला

या काळातही लेटविननं दोस्ताला सोडलं नाही. तो बेडकाच्या डोळ्यावर प्रयोग करत होता. त्यात त्यानं पिट्सला सोबत घेतलं.

सगळ्यांचा समज असा होता की डोळा म्हणजे कॅमेरा. तो फोटो काढून मेंदूकडे पाठवतो आणि त्याचा अर्थ लावायचं काम मेंदू करतो. तर्क काय तो मेंदूत.

१९५९ मध्ये लेटविन, मातुराना, मॅकलक आणि पिट्स यांचा पेपर आला आणि तो समज कोसळला. बेडकाचा डोळा फोटो पाठवतच नाही. तो आधीच छाननी करतो. समोर छोटं, काळपट, हलणारं काहीतरी दिसलं की डोळ्यातल्या ठराविक पेशी पेटतात. म्हणजे माशी. तीच माशी न हलता पडून राहिली, तर बेडकाच्या लेखी ती नाहीच. भोवती मेलेल्या माशांचा खच पडलेला असला तरी बेडूक उपाशी मरेल.

विज्ञानासाठी हा मोठा शोध होता. पिट्ससाठी मात्र तो घाव ठरला. लेटविन यांनी पुढं सांगितलंय की या निकालानं पिट्स आतून हलला. कारण त्याचं सगळं आयुष्य एका विश्वासावर उभं होतं. मेंदू तर्कानं चालतो, एकेक पायरी, स्वच्छ आणि नेटकी. आणि इथं जीवशास्त्र सांगत होतं की अर्ध्याहून जास्त काम तर्काच्या आधीच उरकतं. घाईघाईनं, अंदाजानं, शरीराच्या गरजेनुसार.

१४ मे १९६९ रोजी केंब्रिजमधल्या एका साध्या बोर्डिंग हाऊसमध्ये पिट्सचा मृत्यू झाला. दारूनं यकृत पोखरलं होतं. वय ४६. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मॅकलकही गेले.

घराच्या वाटण्या

पिट्स जिवंत असतानाच एआयमध्ये दोन तट पडले होते.

पहिला तट चिन्हं आणि नियमवाल्यांचा. जगाचं ज्ञान नियमांत लिहा, कॉम्प्युटर त्यावरून तर्क करेल. १९५६ मध्ये न्यूएल, सायमन आणि शॉ यांनी लॉजिक थिअरिस्ट हा प्रोग्राम बनवला. त्यानं कुठल्या पुस्तकातली प्रमेयं सिद्ध केली माहितीये? प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका. दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या ५२ पैकी ३८.

दुसरा तट न्यूरल नेटवर्कवाल्यांचा. नियम लिहू नका, उदाहरणं दाखवा, मशीन आपोआप शिकेल. पिट्सच्या न्यूरॉनला शिकता येत नव्हतं, त्याचे आकडे आधीच ठरलेले असत. फ्रँक रोझेनब्लाट यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी पर्सेप्ट्रॉन आणला, तो चुकांमधून आपले आकडे बदलत शिकायचा.

१९६९ मध्ये, म्हणजे पिट्स गेला त्याच वर्षी, मार्विन मिन्स्की आणि सिमोर पेपर्ट यांचं पुस्तक आलं. एका थराच्या पर्सेप्ट्रॉनला काही साध्या गोष्टीही जमत नाहीत, हे त्यांनी गणितानं दाखवलं. दोघांपैकी एकच, पण दोन्ही नको, एवढंसं कोडंही त्याला सुटत नव्हतं. जास्त थर लावले तर ते सुटतं, पण अशा नेटवर्कला शिकवायचं कसं हे तेव्हा जमलेलं नव्हतं. न्यूरल नेटवर्कचा पैसा आणि उत्साह, दोन्ही आटलं. आणि या मिन्स्की यांनी १९५१ मध्ये स्वतः एक शिकणारं न्यूरल मशीन बनवलं होतं, तेही मॅकलक आणि पिट्स यांच्या कामावरून.

पुढची काही वर्षं नियमवाल्यांची होती. पण जगाचे नियम लिहून संपेनात, आणि नियमाबाहेरचं काही आलं की प्रोग्राम आडवा होई. मग पारडं फिरलं. १९८६ मध्ये रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी अनेक थरांच्या नेटवर्कला शिकवायची पद्धत लोकप्रिय केली. २०१२ नंतर तर न्यूरल नेटवर्कची लाटच आली.

पण आजच्या एआयची खोड तुम्हालाही माहितीये. ते छान बोलतं आणि त्याच आत्मविश्वासानं खोटंही सांगतं. ओळखायला पटाईत, पण पायरी पायरीनं सिद्ध करायची वेळ आली की घसरतं. बेडकाच्या डोळ्यासारखं. पटकन पकडतं, पण का ते सांगता येत नाही.

म्हणून आता दोन्ही भावंडांना परत एका घरात आणायचं चाललंय.

जानेवारी २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडनं अल्फाजिओमेट्री आणलं. शाळेतली भूमिती आठवा. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. यातली रचना सगळ्यात अवघड, कारण कुठली जादाची रेषा काढायची हे कुठलाच नियम सांगत नाही. ते सुचावं लागतं. अल्फाजिओमेट्रीमध्ये रचना सुचवण्याचं काम न्यूरल नेटवर्क करतं आणि सिद्धतेची एकेक पायरी तर्काचं इंजिन चढतं. अडलं की पुन्हा नेटवर्कला विचारायचं. या जोडीनं आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडच्या भूमितीच्या ३० पैकी २५ प्रश्न सोडवले. सुचतं एकाला, तपासतो दुसरा. सिद्धता चुकीची असेल तर इंजिन ती पुढं जाऊच देत नाही.

भूमितीचे नियम पक्के असतात, म्हणून तिथं हे जमलं. रोजच्या आयुष्यातल्या अर्धवट, गुंतागुंतीच्या ज्ञानावर ही जोडी कशी लावायची, यावर अजून डोकेफोड चालू आहे.

पिट्सला वाटलं बेडकानं आपल्याला खोटं पाडलं. खरं तर त्याचा न्यूरॉनही टिकला आणि त्याचं लॉजिकही टिकलं. फक्त मेंदूत एकटं लॉजिक नाही, एवढंच बेडकानं सांगितलं होतं. अंदाज आणि तर्क दोन्ही लागतात, हे मानून आज मशीन बांधली जातायत.

राहिला त्याचा तो जळालेला प्रबंध. कसेही जोडलेले न्यूरॉन आणि शक्यतेचं गणित, या वाटेनं पुढं सगळं जग गेलं. त्या वाटेवर सगळ्यात आधी निघालेल्या माणसाचे कागद मात्र कुणाला पुन्हा वाचता आले नाहीत.